तिसरा गठ्ठा

चिठ्ठी वहीच्या पानाची होती. फाडलेली कडा एका बाजूने दातेरी, आणि चार वेळा घातलेली घडी इतकी घट्ट की उघडताना कागद चिरतो की काय असं वाटलं. निळ्या बॉलपेनने जोर देऊन लिहिलेलं होतं. मागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत होती. ‘आपण सांगितलंत म्हणून मी भावाशी संबंध तोडले. सात वर्षं झाली. मागच्या महिन्यात तो गेला. मी बरोबर केलं का?’ खाली नाव नाही, तारीख नाही. प्रश्नचिन्ह मात्र व्यवस्थित काढलेलं, खालचा ठिपकासुद्धा नीट गोल.

आमच्याकडे प्रवचन संपलं की शंकासमाधान असतं. एक प्लास्टिकचा डबा रांगांमधून फिरतो, लोक चिठ्ठ्या टाकतात, आणि शेवटची प्रार्थना चालू असताना मागच्या खोलीत बसून त्या चिठ्ठ्या निवडायच्या, हे माझं काम. वेळ दहा मिनिटं, फार तर बारा. मी तीन गठ्ठे करते. पहिल्यात गुरूंच्या हातात द्यायचे प्रश्न: मन का स्थिर होत नाही, राग कसा आवरायचा, मृत्यूची भीती कशी जाईल. दुसऱ्यात तेच प्रश्न वेगळ्या अक्षरात, वेळ उरला तर घ्यायचे. आणि तिसऱ्यात बाकीचं सगळं. थट्टा, शिव्या, पैशांचे हिशेब, आणि ज्यांनी ‘वातावरण बिघडेल’ असे प्रश्न. नियम कुठे लिहिलेला नाही. हे काम माझ्याकडे सोपवलं तेव्हा दादा एवढंच म्हणाले होते, “रसभंग होईल असं काही पुढे जाऊ द्यायचं नाही, बाकी तुला कळतंच.” दादा आमच्यात सगळ्यांत जुने. ते कुणाला फार सांगत नाहीत, आणि त्यांनी फार न सांगताच सगळ्यांना कळतं.

मलाही कळलं. ती चिठ्ठी मी तिसऱ्या गठ्ठ्यात ठेवली. विचार केलाच नाही, हातानेच ठेवली.

तिसरा गठ्ठा फाडून टाकायचा असतो. बाकीच्या चिठ्ठ्या फाडल्या. ही मात्र पर्समध्ये गेली, आणि त्या दिवसापासून एक गोष्ट मला छळते आहे. मराठीत चार वाक्यं लिहायची आणि आपण बाई की पुरुष हे कळू द्यायचं नाही, हे सोपं नाही. ‘मी गेलो’, ‘मी गेले’, कुठेतरी क्रियापद चुगली करतंच. या चार वाक्यांत ते कुठेच झालेलं नाही. संबंध तोडले, बरोबर केलं. आता हे सहज झालं की कुणीतरी चार-पाच कच्चे कागद फाडून, आपली ओळख पुसत पुसत इथवर आणलं? मला दुसरं खरं वाटतं. म्हणजे त्या माणसाला प्रश्न तर विचारायचा होता, पण विचारणारं माणूस म्हणून सापडायचं नव्हतं. आपल्याच माणसांत, जिथे आपण वर्षानुवर्षं डोळे मिटून शेजारी शेजारी बसतो, तिथे.

मी श्रद्धाळू आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं भलत्याच चष्म्यातून वाचलं जाईल. आई गेली तेव्हा मला याच गुरूंनी सांगितलं होतं, “रोज पहाटे ऊठ, अर्धा तास नुसती बस, काही मागू नकोस.” का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्यात तेव्हा ‘का’ म्हणायची ताकदच नव्हती. कुणीतरी ‘हे कर’ म्हणणं हीच त्या दिवसांत मोठी सोय होती. पहाटेच्या अंधारात गार फरशीवर बसून मी ते वर्ष काढलं, आणि त्या बसण्याने मला उभं केलं. म्हणून ‘प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारा’ असं कुणी छाती पुढे काढून म्हणालं की मला आतून थोडी चीडच येते. ज्याने कधी कशावर भार टाकलाच नाही त्याला प्रश्न विचारणं स्वस्त पडतं. आणि काही प्रश्न जाणून घेण्यासाठी नसतातच, ते स्वतःला दाखवण्यासाठी असतात. असे प्रश्न मी आठवड्याला पाच-सहा तरी निवडते. त्यांचं अक्षर सहसा वळणदार असतं.

पण मला मिळालेली आज्ञा आणि चिठ्ठीतली आज्ञा एका जातीच्या नाहीत, हे उमगायला मला बरेच दिवस लागले. माझ्या आज्ञेची किंमत मी मोजत होते: माझी झोप, माझी पाठ, माझी फरशी. चिठ्ठीतल्या आज्ञेची निम्मी किंमत अशा माणसाने मोजली जो आमच्या सभागृहात कधी आला नसेल, ज्याने गुरूंना कधी नमस्कार केला नसेल. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि राहिलेली निम्मी ज्याने मोजली, ते माणूस आता वहीचं पान चार वेळा दुमडतं आहे.

शंकासमाधान हा शब्दही मी इतकी वर्षं न ऐकल्यासारखाच वापरला. प्रश्नाला उत्तर असतं, शंकेचं समाधान करतात. समाधान म्हणजे शांतवणं. रडणाऱ्याचं समाधान करतात, रुसलेल्याचं करतात. विचारणारा गप्प झाला की समाधान झालं, उत्तर मिळालं की नाही हा वेगळा मुद्दा. आमच्याकडे याला जोड म्हणून एक वचन नेहमी पुढे येतं: ‘संशयात्मा विनश्यति’. गीतेच्या चौथ्या अध्यायातलं, 40वा श्लोक. दादांचं आवडतं. ते म्हणताना त्यांची तर्जनी आपोआप वर जाते. त्याच अध्यायात सहाच श्लोक मागे गेलं तर ज्ञान कसं मिळवायचं ते सांगितलं आहे: ‘तद्विद्धि प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया’. नमस्कार करून, विचारून आणि सेवा करून. परिप्रश्न म्हणजे नुसता प्रश्न नाही, सगळ्या बाजूंनी फिरून विचारलेला प्रश्न. आमच्या सभागृहात प्रणिपाताला जागा आहे, सेवेच्या तर याद्या लागतात. मधल्या शब्दासाठी एक प्लास्टिकचा डबा आहे, आणि डब्याच्या पलीकडे मी बसलेली असते.

आणि संशयाचं पुढे काय करायचं, तेही त्या अध्यायाच्या शेवटच्या श्लोकात आहेच. ज्ञानाच्या तलवारीने तो तोड, असं अर्जुनाला सांगितलं आहे. तोंडावर बोट ठेव असं नाही. अठराव्या अध्यायात तर सगळं सांगून झाल्यावर, 63व्या श्लोकात, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर, अशी मोकळीक आहे: ‘यथेच्छसि तथा कुरु’. अर्थात त्याच्यापुढे तीनच श्लोकांवर ‘मामेकं शरणं व्रज’ आहे, हे विसरून चालणार नाही. पण मोकळीक आधी आणि शरणागती नंतर. आमच्या प्रवचनांमधून दुसरा श्लोक मी किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. पहिला एकदाही ऐकल्याचं आठवत नाही. आणि हे मी तावातावाने म्हणत नाहीये, कारण ऐकला नाही तशी मी तो शोधायलाही गेले नव्हते.

गार्गीची गोष्टही मला अर्धीच माहीत होती. जनकाच्या सभेत ती याज्ञवल्क्यांना एकावर एक विचारत जाते, हे सगळं कशात ओवलेलं आहे, मग ते कशात, आणि मग ते? शेवटी ते म्हणतात, गार्गी, अतिप्रश्न करू नकोस, तुझं डोकं गळून पडेल. गार्गी गप्प बसते. मला वाटायचं गोष्ट इथेच संपते, कारण आम्हाला ती इथपर्यंतच सांगितली गेली, ‘अतिप्रश्न’ या शब्दावर जोर देऊन. पण बृहदारण्यकात मध्ये एक संवाद जातो आणि ती पुन्हा उभी राहते. सभेची परवानगी मागते आणि म्हणते, योद्ध्याने हातात दोन बाण घेऊन समोर यावं तशी मी दोन प्रश्न घेऊन आले आहे. आणि या वेळी याज्ञवल्क्य उत्तर देतात. तिचं डोकं पडत नाही. उलट तीच सभेला सांगते की ब्रह्माबद्दलच्या वादात यांना तुमच्यापैकी कुणीही जिंकणार नाही. विचारल्यामुळे तिचा मान राहिला, त्यांचाही राहिला.

ही गोष्ट अर्ध्यावर कुणी तोडली असेल? याज्ञवल्क्यांनी नक्कीच नाही. माझ्यासारख्या कुणीतरी, मागच्या खोलीत.

चिठ्ठी आल्यानंतरच्या रविवारी मी जुन्या वह्या काढल्या. प्रवचनाच्या नोंदी मी पहिल्यापासून ठेवते, अकरा वह्या झाल्या आहेत. सात वर्षांपूर्वीची वही काढली, पानांना तो जुन्या कागदाचा कोंदट गोडसर वास येत होता. शोधायला फार वेळ लागला नाही. माझ्याच अक्षरात: ‘जे नातं तुम्हाला मार्गावरून ढळवतं ते तोडा. रक्ताचं असलं तरी.’ खाली दोन रेघा. शेजारी उद्गारचिन्ह. मला ते प्रवचन आठवलंसुद्धा. त्या वाक्यानंतर सभागृहात एक हुंकार उठला होता, आणि मीही मान डोलावली होती. माझा भाऊ तेव्हा माझ्या शेजारी बसला होता, त्यामुळे ते वाक्य मला कुठेच बोचलं नाही. सुंदर वाटलं. त्या रात्री घरी जाऊन मी ते तोंडात घोळवत बसले असेन. आणि त्याच रात्री त्या सभागृहातलं दुसरं कुणीतरी घरी गेलं आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. मग मी अकराच्या अकरा वह्या चाळल्या, जरा वेड्यासारख्याच. उद्गारचिन्हं भरपूर आहेत. प्रश्नचिन्ह एकही नाही.

बाबावाक्यं प्रमाणम् म्हणून आपण दुसऱ्यांना हसतो. ते दुसरे नेहमी कुठल्या तरी वेगळ्या सभागृहात बसलेले असतात.

अब्राहमची गोष्ट ज्यूंच्या, ख्रिस्त्यांच्या आणि मुसलमानांच्याही परंपरेत आहे. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात देव सदोम शहर नष्ट करायला निघतो, तेव्हा हा माणूस देवापुढे उभा राहून घासाघीस करतो. तिथे 50 नीतिमान सापडले तर? बरं, 45? 40? 30? असं करत तो 10पर्यंत खाली येतो. मधूनमधून ‘मी तर धूळ, रागावू नकोस’ असं काहीतरी म्हणतो आणि प्रत्येक वेळी पुन्हा विचारतो. देवही ऐकून घेतो. कुराणातही त्याने लूतच्या लोकांसाठी, म्हणजे याच शहरासाठी, वाद घातल्याचा उल्लेख आहे, आणि लगेच पुढे त्याला सहनशील, कोमल हृदयाचा म्हटलं आहे. पण बायबलमध्ये चारच अध्यायांनंतर, स्वतःच्या मुलाचा बळी मागितला जातो तेव्हा तोच अब्राहम पहाटे उठून मुकाट चालू लागतो. तिथे विरोधाचा एक शब्द नाही. अनोळखी शहरासाठी इतकं भांडणारा माणूस पोटच्या पोरासाठी का बोलला नाही, यावर शतकानुशतकं माणसं डोकं धरून बसली आहेत. मला त्याचं उत्तर येत नाही. पण एक लक्षात आलं. प्रवचनात श्रद्धेचं उदाहरण म्हणून दुसरी गोष्टच सांगतात. सदोमची घासाघीस कुणी श्रद्धा म्हणून सांगत नाही.

आता थोडं अंधाराकडे जाते, कारण न जाता हे सांगता येत नाही. 18 नोव्हेंबर 1978ला गयानामधल्या जोन्सटाउन वसाहतीत जिम जोन्स या अमेरिकी पंथप्रमुखाच्या 900हून अधिक अनुयायांचा अंत झाला, बहुतेकांचा विषाने. त्यात सुमारे 300 मुलं होती. आपल्याला वाटतं, असल्या ठिकाणी सगळेच मेंढरं असणार. पण त्या शेवटच्या सभेचं ध्वनिमुद्रण आहे, आणि त्यात क्रिस्टीन मिलर नावाची एक बाई उभी राहून विचारते. दुसरा काही मार्ग नाही का? मुलांना जगायचा हक्क नाही का? शिवीगाळ नाही, बंड नाही, साधे प्रश्न. नेता तिच्याशी वाद घालतो, निदान बोलतो तरी. तिला गप्प करते ती गर्दी. रांगेतली माणसं तिच्यावर ओरडतात, तिला विरोध करणाऱ्यांना टाळ्या मिळतात. तीही त्याच दिवशी तिथेच मेली.

आमचे गुरू म्हणजे जिम जोन्स नव्हेत. अशी तुलना मनात आणल्याबद्दलच मला कानकोंडं वाटतं, आणि ती मी करतही नाही. मी तुलना करते आहे ती त्या रांगेतल्या माणसांशी. ओरडणाऱ्यांशी नाही, माझा तो स्वभाव नाही. पण कागद शांतपणे दुमडून तिसऱ्या गठ्ठ्यात ठेवणारी माणसंही त्या वसाहतीत आधीची काही वर्षं असणारच.

स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने 1961मध्ये सुरू केलेले प्रयोग बहुतेकांनी ऐकलेले असतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके द्या, अशी आज्ञा. झटके खोटे, पण देणाऱ्याला ते माहीत नाही. सगळ्यांत गाजलेल्या फेरीत 40पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. या प्रयोगांवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, तेही योग्यच. मात्र त्यांतली एक फेरी कमी सांगितली जाते. त्या फेरीत आज्ञा घेणाऱ्याच्या शेजारी आणखी दोघं बसवले होते, ठरवून. ते मध्येच ‘आम्ही नाही करत’ म्हणून उठायचे. तेव्हा 40पैकी फक्त 4 जण शेवटपर्यंत गेले. आज्ञा तीच, आज्ञा देणाराही तोच अंगरखा घालून उभा. बदललं एवढंच की शेजारचा उठला.

शेवटी मी दादांना चिठ्ठी दाखवली. ते चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी धरून वाचतात. वाचली, आणि माझ्याकडे परत दिली, घडी घालूनच.

“ही नाही गेली पुढे, ते बरं झालं,” ते म्हणाले.

“का, दादा?”

“अगं, भर सभेत त्यांना काय वाटलं असतं?”

“त्यांना उत्तर देता आलं नसतं असं वाटतं का तुम्हाला?”

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर कुणीतरी खुर्च्या एकात एक घालून ठेवत होतं, त्याचा खडखडाट येत होता. मला माझ्याच प्रश्नाची भीती वाटली, कारण तो विचारेपर्यंत मला माहीत नव्हतं की मलाही तसंच वाटतंय. आम्ही दोघं, रोजचे सेवेकरी, मनातून धरून चाललो होतो की गुरूंना हा प्रश्न पेलणार नाही. आणि ज्याने वहीचं पान फाडलं, नाव लपवलं, लिंग लपवलं, त्याचा मात्र भरवसा होता की पेलेल. आमच्यात श्रद्धा जास्त कुणाची होती?

“तू लहान आहेस अजून,” दादा म्हणाले. मी 46 वर्षांची आहे.

गंमत म्हणजे मोठ्या परंपरांमधल्या जाणत्या माणसांनी हा धोका आधीच ओळखला होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी जी नियमावली लिहिली तिचा भर आज्ञापालनावर आहे, चांगलाच कडक. पण तीच नियमावली सांगते की मोठा निर्णय असेल तर मठप्रमुखाने सगळ्यांना बोलवावं, अगदी लहानांनाही, कारण देव पुष्कळदा लहानांनाच बरं ते सुचवतो. झेपणार नाही अशी आज्ञा मिळाली तर आपली अडचण शांतपणे मांडावी, असंही तीत आहे. तरी प्रमुख अडून राहिला तर ऐकावं, असंही आहे, आणि तिथे माझं बेनेडिक्टशी जमत नाही. पैगंबरांनंतर पहिले खलिफा झालेल्या अबू बक्र यांच्या पहिल्या भाषणातलं जे परंपरेने जपलं आहे, ते मला जास्त जवळचं वाटलं. मी नीट वागलो तर मदत करा, चुकलो तर मला सरळ करा. आणि केसमुत्त गावच्या कालामांना बुद्धांनी जी न मानण्याची कारणं सांगितली, त्यांत शेवटचं कारण ‘हा श्रमण आमचा गुरू आहे’ हेच आहे. तेवढ्यामुळे मानू नका. (हे वचन फलकांवर लावणारे पुढचा भाग गाळतात. नुसतं आपल्या मनाला येईल ते खरं असं तिथे म्हटलेलं नाही. जाणती माणसं कशाला निंदतात आणि त्याने अहित, दुःख होतं का, तेही पाहा असं सांगितलं आहे. म्हणजे गाळणारे दोन्हीकडे आहेत.)

अहित, दुःख. चिठ्ठीत तेच होतं, चार ओळींत.

पुढच्या शंकासमाधानाला मी तीन गठ्ठे केले. नेहमीसारखेच. मग पर्समधून ती चिठ्ठी काढली, आठवडाभर घडीवर घडी बसून ती आता कापडासारखी मऊ झाली होती, आणि पहिल्या गठ्ठ्यावर ठेवली. सगळ्यांत वर. हात ओला झाला होता, कागदाला डाग पडू नये म्हणून मी तो साडीला पुसला. सात वर्षांपूर्वीची ती वही मी घरूनच पिशवीत घालून आणली होती. कशासाठी, ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

गुरूंनी चिठ्ठी उघडली, आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागले. “आपण सांगितलंत म्हणून मी भावाशी...” तिथे थांबले. राहिलेलं मनात वाचलं. कागद उलटून पाहिला, मागे काही लिहिलं असेल म्हणून. पुन्हा सुलटा केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जिना उतरताना आहे असं वाटलेली पायरी नसली की होतो तसा चेहरा होता. मग ते बाजूला झुकले आणि दादांना हळू आवाजात विचारलं, फक्त दादांना, पण समोर माइक होता आणि तो सगळ्यांना ऐकू आला तो प्रश्न.

“असं सांगितलं होतं मी?”

दादांनी उत्तर दिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. सभागृहात इतकी माणसं असून पंख्यांचा आवाज येत होता. त्यातलं कुणीतरी एक जण, भाऊ गेलेलं, समोरच कुठेतरी बसलं असणार. मी चेहरे पाहिले नाहीत. वही पिशवीतून काढली. ते पान खुणेसाठी दुमडलेलं होतं तरी मला सापडेना. मी पानं उलटत राहिले, आणि त्यांचा आवाजही माइक टिपत असावा, कारण गुरूंनी मान वर केली.